वाचकांचे प्रश्न: लायब्ररीतल्या माणसांची काळजी कुणी घ्यायची?

प्रश्न: ताई, मी एका सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. उशिराच्या दंडावरून एक सभासद देवघेव काउंटरवरच्या माझ्या सहकारी बाईंवर ओरडला, वाट्टेल ते बोलला आणि हातातलं पुस्तक त्यांच्या अंगावर फेकलं. लागलं नाही, पण तेव्हापासून त्या काउंटरवर बसायला घाबरतात. कार्यकारी मंडळ म्हणतं, लोकांशी संबंध आला की असं होणारच, सोडून द्या. मी काय करू?

उत्तर: सोडून अजिबात देऊ नका. मंडळाला आधी हे सांगा की असं फक्त तुमच्याकडेच घडत नाहीये. अर्बन लायब्रेरियन्स युनाइट या संस्थेने अमेरिकेतल्या शहरी ग्रंथालयांच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला होता, २०२२ साली रिपोर्ट आला, त्यात दोन तृतीयांशांहून जास्त लोकांनी सांगितलं की वाचकांकडून हिंसक किंवा आक्रमक वागणं सोसावं लागलंय. आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या जागी होणाऱ्या हिंसा आणि छळाविरुद्ध जो १९० नंबरचा करार केला, त्यात बाहेरून येणाऱ्या माणसांकडून होणारा त्रासही धरलाय. म्हणजे वाचकाने पुस्तक फेकलं तर तो त्या बाईंचा खाजगी प्रॉब्लेम नाही, संस्थेचा आहे.

आता त्या बाईंबद्दल. असं काही झालं की त्याच मिनिटाला काउंटर दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा, नसेल कुणी तर तुम्ही स्वतः बसायचं, आणि त्यांना आत शांत जागी जाऊ द्यायचं. घरी जायचंय का, सोबत कुणी हवंय का, एवढंच विचारा. सगळ्या स्टाफला गोल बसवून "काय झालं ते सांगा" असं लगेच करू नका, हेतू चांगला असतो पण अशा एका बैठकीच्या डीब्रीफिंगने पुढचा मानसिक त्रास टळतो असं अभ्यासात दिसलेलं नाही, काहींना तर जास्तच त्रास झालाय. जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची जी पद्धत आहे ती साधी आहे, माणूस सुरक्षित आहे ना ते बघा, त्याला बोलायचं असेल तेवढं ऐका, पुढची मदत हवी असेल तर तिथपर्यंत पोचवा. आणि काउंटरवर परत कधी बसायचं हे त्यांना ठरवू द्या, आधी कुणाच्या तरी सोबत बसतील मग एकट्या, पण "आता झाले की इतके दिवस" हे वाक्य तुमच्या तोंडून येऊ देऊ नका.

मग लिहून काढा. घटनेचं रजिस्टर नसेल तर आजच सुरू करा, तारीख, वेळ, कुठे, कोण हजर होतं, नेमके शब्द काय होते, नंतर काय केलं. शिव्या आहेत तशा लिहा, "अपशब्द वापरले" असं लिहिलं की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तीन-चार महिन्यांच्या नोंदी एकत्र ठेवल्या की दिसायला लागतं की भांडणं ठराविक वेळेला होतात, ठराविक कारणावरून होतात. दंड हे कारण सारखं सारखं येत असेल तर दंडाचा नियमच बघा ना, जगात कितीतरी ग्रंथालयांनी उशिराचा दंड बंद केलाय, आणि काउंटरवर पैशावरून वाद घालायला लागू नये हा त्याचा मोठा फायदा आहे. ते जमत नसेल तर निदान दंड माफ करायचा थोडा अधिकार काउंटरवरच्या माणसाला द्या.

आणि वर्तनाचे नियम लेखी हवेत, दारात लावलेले, पहिल्यांदा तोंडी समज, मग त्या दिवसापुरतं बाहेर, मग ठराविक काळ सभासदत्व बंद, अंगावर येणं किंवा वस्तू फेकणं असेल तर थेट शेवटची पायरी. सभासदाला दाद मागायची सोय ठेवा, नियम सगळ्यांना सारखा लावा, ओळखीच्या माणसालाही. कारवाईच्या पत्रावर सही तुमची हवी, काउंटरवरच्या माणसाची नको, कारण उद्या तो सभासद परत आला तर राग सही करणाऱ्यावर काढेल. आणि काय कारवाई केली ते त्या बाईंना स्वतः जाऊन सांगा. बऱ्याच ठिकाणी तक्रार वर जाते आणि तिचं काय झालं ते खाली कधीच कळत नाही, मग माणसं तक्रार करणंच सोडतात आणि वरच्यांना वाटतं सगळं ठीक चाललंय.

प्रश्न: मी सहायक आहे. संध्याकाळची शिफ्ट मी एकटीच करते, बंद करायच्या वेळी फार भीती वाटते. वरिष्ठांकडे नेमकं काय मागू?

उत्तर: दुसरा माणूस मागा. बाकी सगळं नंतर. इमारतीत निदान दोन कर्मचारी असल्याशिवाय दार उघडं ठेवायचं नाही हा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि माणसं नसतील तर वेळ कमी करा, लोक कुरकुर करतील पण करू देत.

मग जागेचं बघायचं. काउंटरवरून दार आणि वाचनकक्ष दिसतो का, मधली रॅक उंच असतील तर ती भिंतीकडे सरकवता येतात का, कोपऱ्यात उजेड आहे का, काउंटरच्या आतून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का (एकच वाट असेल आणि ती वाचकाच्या बाजूने असेल तर तुम्ही अडकता). हाताशी पॅनिक बटण, आणि सहकाऱ्याला बोलवायचं एखादं ठरलेलं साधं वाक्य. कुणी चढ्या आवाजात बोलायला लागला तर अंतर ठेवा, त्याची दाराकडची वाट अडवू नका, हात लावू नका, आणि बाजूला व्हायला परवानगीची वाट बघू नका. ही परवानगी वरिष्ठांनी आधीच लेखी देऊन ठेवायला हवी, हे पण मागा.

प्रश्न: आमच्या संस्थेने स्टाफसाठी ताणमुक्तीची कार्यशाळा घेतली, ध्यानाचं सेशन घेतलं, तरी सगळे थकलेलेच. आमचं काही चुकतंय का?

उत्तर: थकणाऱ्यांचं काही चुकत नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी व्याख्या केली ती कामाच्या जागेवरच्या ताणाशीच जोडलेली आहे, असा ताण जो बराच काळ राहिला आणि ज्याचं व्यवस्थापन झालं नाही. शक्ती संपणं, कामाबद्दल मन उडणं, आपल्याकडून काही होत नाही असं वाटणं, ही त्याची तीन लक्षणं. ध्यान चांगलंच आहे, पण दोघांचं काम एक जण करत असेल तर ध्यानाने दुसरा माणूस येत नाही.

अमेरिकेतल्या ग्रंथपाल फोबाझी एटार यांनी २०१८ मध्ये ग्रंथालयांबद्दल एक फार महत्त्वाचं मांडलं, की या कामाला इतकं पवित्र मानलं जातं की त्यात काम करणाऱ्याने पगार, सुट्टी, भीती यांबद्दल बोलणंच कमीपणाचं वाटायला लागतं. "आपण सेवा करतोय" हे वाक्य किती वेळा ऐकलंय ते आठवून बघा. प्रमुखांनी हे वाक्य जादा काम गळ्यात मारायला वापरणं बंद करावं.

करायचं ते रोजच्या वेळापत्रकात करा. काउंटरवर सलग दोन तासांहून जास्त कुणाला बसवू नका, मध्ये आतलं काम द्या, रजेचं आणि शिफ्टचं निदान महिनाभर आधी कळू द्या, जेवायची सुट्टी म्हणजे खरंच काउंटरपासून लांब. जी कामं लायब्ररीची नाहीतच ती ओळखा. बेघर, व्यसनात अडकलेले, मानसिक आजाराने त्रासलेले लोक लायब्ररीत येतात आणि यायलाच हवेत, पण त्यांना लागणारी मदत पुस्तकं देणाऱ्याला कशी जमणार, त्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००९ मध्येच पूर्ण वेळ सोशल वर्कर नेमली. नेमणं शक्य नसेल तर मदत संस्थांचे नंबर आणि तिथल्या एका ओळखीच्या माणसाचं नाव काउंटरवर असू द्या. आणि प्रमुखांनी आठवड्यातून काही तास स्वतः काउंटरवर बसावं, हा माझा आग्रह आहे.

प्रश्न: पाठदुखी आणि धुळीचा खोकला, हे आमच्या कामात चालायचंच का?

उत्तर: नाही. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेचा आणि आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या नायोश या सरकारी संस्थेच्या वजन उचलण्याच्या सूत्रात अगदी आदर्श स्थितीतही एका माणसाने उचलायची मर्यादा २३ किलो आहे, वाकून किंवा वळून उचलताना ती आणखी खाली येते, आणि पुस्तकांचा मोठा खोका सहज त्यापुढे जातो. खोके लहान घ्या, ट्रॉली घ्या, जड ग्रंथ कमरेच्या उंचीवरच्या फळीवर ठेवा. बुरशी लागलेली पुस्तकं वेगळी काढा, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालूनच हाताळा, आणि खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा, नाहीतर बुरशी परत येणारच. एकोणिसाव्या शतकातली झगझगीत हिरव्या कापडी बांधणीची पुस्तकं असतील तर ती तपासून घेईपर्यंत उघड्या हाताने धरू नका, काहींच्या रंगात आर्सेनिक सापडलंय.