'गोवर निघाला' म्हणजे नेमके काय निघाले?

'गोवर झाला' आणि 'गोवर निघाला' यांत फरक आहे का, आणि कांजिण्या हे गोवराचेच दुसरे नाव आहे का, असे दोन प्रश्न आले आहेत. दुसऱ्याचे उत्तर 'नाही' इतकेच आहे. पहिल्याला थोडा वेळ द्यावा लागेल.

'होणे' हे क्रियापद आजाराचे आहे आणि 'निघणे' हे अंगावरच्या पुरळाचे. आजार आणि पुरळ या दोहोंना मराठीत गोवर हाच शब्द असल्यामुळे आपण ही क्रियापदे सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. पण त्यांच्यात साधारणपणे दोन ते चार दिवसांचे अंतर असते. आधी चढता ताप येतो, नाक वाहू लागते, खोकला लागतो, डोळे लाल होऊन पाणावतात आणि उजेड सोसत नाही. अंगावर मात्र अजून काहीच नसते, म्हणून घरात त्याला साधा सर्दीताप समजले जाते. याच सुमारास गालाच्या आतल्या बाजूस, दाढांच्या समोर, लालसर झालेल्या त्वचेवर मिठाचे कण सांडावेत तसे बारीक पांढरट ठिपके दिसू शकतात. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ हेन्री कोपलिक यांनी १८९६ साली त्यांचे वर्णन केले आणि त्यांच्याच नावाने ते ओळखले जातात. त्यांना रुळलेला मराठी शब्द माझ्या तरी ऐकण्यात नाही.

मग गोवर निघतो. कानामागे आणि केसांच्या कडेने सुरू झालेले पुरळ चेहरा, मान, छाती, पोट असे करत सुमारे तीन दिवसांत पायांपर्यंत पोहोचते. येथे 'पुरळ खाली उतरते' असे लिहिणे मी टाळतो, कारण ताप उतरतो तसा गोवरही उतरला, म्हणजे ओसरला, असा अर्थ वाचकाच्या मनात येईल. 'खाली पसरते' हे निःसंदिग्ध आहे. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. हात फिरवला तर अंग खरखरीत लागते.

शब्दांच्या वचनातही एक गंमत आहे. देवी आल्या, कांजिण्या आल्या, पण गोवर आला. कांजिण्यांचे फोड पाण्याने भरलेले आणि सुटे सुटे असतात, ते मोजता येतात. गोवराच्या पुरळात पाणी नसते आणि चेहऱ्यावर ते एकमेकांत मिसळून जाते. एकवचनाचे कारण हेच, असा माझा दावा नाही, पण ओळख लक्षात ठेवायला ही खूण उपयोगी पडते. (गोवऱ्या हे अनेकवचन तर आधीच चुलीसाठी राखून ठेवलेले आहे.) रुबेलाला 'जर्मन गोवर' म्हणतात खरे, पण त्याचा विषाणू वेगळा आहे.

माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात या आजाराशी जुळणाऱ्या रोमान्तिकेचे वर्णन आहे, आणि तिचे एक विशेषण आहे 'ज्वरपूर्विका', म्हणजे जिच्या आधी ताप येतो ती. 'निघाला' या क्रियापदात नेमका हाच आधीचा काळ हरवतो, आणि गोवराचा संसर्ग तर पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून दिसल्यानंतरच्या चार दिवसांपर्यंत पसरू शकतो. त्यामुळे डॉक्टरांना 'गुरुवारी गोवर झाला' असे न सांगता 'सोमवारी ताप आला, गुरुवारी गोवर निघाला' असे दोन्ही वार सांगावेत.