कसब्यातील वाडा राखायचा असेल, तर आधी कौले आणि कागद पाहावेत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कसबा पेठेत शनिवारवाड्याच्या अगदी जवळ आपला सुमारे सव्वाशे वर्षांचा दुमजली वाडा आहे, मालकी चार भावांची आहे, सात भाडेकरू आहेत, वाडा धोकादायक असल्याची महापालिकेची नोटीस आली आहे, एका बिल्डरने भावांना त्या जागी नवी इमारत दाखवली आहे, आणि वारसा यादीत (जतन करायच्या जुन्या वास्तूंच्या अधिकृत सूचीत) नाव घातले तर वाडा वाचेल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. केवळ यादीमुळे वाडा वाचत नाही, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे. यादीमुळे पाडकाम अडते. पण छपरातून गळणारे पाणी आणि भावाभावांतला अबोला यांना ती अडवू शकत नाही, आणि माझ्या पाहण्यातले बहुतेक वाडे या दोहोंमुळेच गेले.

वाड्याचे वजन मुख्यत्वे भिंतींवर नसते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. दगडी जोत्यावर तळखडे म्हणजे खांबांखालचे दगड, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया म्हणजे जाड आडवी लाकडे, तुळयांवर कड्या म्हणजे बारीक आडवी लाकडे आणि त्यांवर तक्तपोशी म्हणजे फळ्यांचे आच्छादन असा हा सांगाडा असतो, आणि मातीच्या किंवा विटांच्या भिंती बहुतांशी त्याच्या मधल्या जागा भरून काढतात. सागवान कोरडे राहिले तर दोनशे वर्षेही टिकते. मात्र एक कौल सरकले, पन्हळ (छपराचे पाणी वाहून नेणारी नळी) तुंबली आणि भिंतीत पाणी मुरू लागले, की भिंतीत पुरलेल्या खांबाचा तळ कुजू लागतो आणि ओलीमागोमाग वाळवी येते. मातीच्या भिंतींना पाणी किती वैरी असते, हे पुण्याने 12 जुलै 1961 रोजी पानशेतच्या पुरात पाहिले आहे. नदीकाठच्या पेठांत त्या दिवशी वाडेच्या वाडे जागच्या जागी बसले.

आमच्या सदाशिव पेठेतील वाड्याच्या रस्त्याकडील भिंतीला 1998 साली आम्ही मोठ्या हौसेने सिमेंटचा गिलावा करून घेतला. ठेकेदाराने तोच सुचवला होता आणि आम्हालाही तो मजबूत वाटला. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते, सिमेंटमागे ती कोंडून राहते, हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितले नाही. दहा वर्षांनी गिलाव्याला फुगारा आला म्हणून तो फोडला, तेव्हा कोपऱ्यातल्या खांबाचा तळ चमच्याने खरवडता येईल इतका मऊ झालेला निघाला. त्याच खांबावर दोन हात वर हातोडी मारली, तर लाकूड खणखणीत वाजत होते. वयोवृद्ध सुतारकाकांनी तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू दिले, जॅकने ती जेमतेम दोन सूत उचलली, खांबाचा कुजलेला दीड फूट भाग कापून काढला आणि जुन्याच सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने बसवला. खांब आजही उभा आहे. त्यानंतर भिंतीला कळीचा चुना भिजवून, मुरवून, त्यात गूळ आणि बेलफळाचे पाणी घालून गिलावा केला. काम संथ झाले आणि खर्चही अधिक आला, पण गेल्या पंधरा पावसाळ्यांत त्या भिंतीला ओल आलेली नाही.

म्हणून स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घेताना लाकडी बांधकामाची जाण असलेलाच अभियंता निवडावा. ज्याचे सारे आयुष्य आरसीसीत, म्हणजे लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या कामात, गेले आहे, तो वाकलेली तुळई पाहून सगळी इमारत मोडीत काढतो. दोन तुळया बदलण्याजोग्या असणे आणि वाडा पाडण्याजोगा असणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि नोटिशीला उत्तर देताना ते अंतर लेखी अहवालात स्पष्टपणे आलेच पाहिजे. माणसांच्या जिवाला खरोखर धोका असलेला भाग मात्र आजच रिकामा करून टेकू लावावेत. यात भावनेला जागा देऊ नये.

भाडेकरूंविषयी राग धरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. 1947च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने 1 सप्टेंबर 1940 रोजीचे भाडे आधारभूत धरले आणि पुढे ते जवळपास गोठून राहिले. 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानंतरही जुन्या जागांची भाडी फारशी वाढली नाहीत. महिन्याला येणाऱ्या पन्नास-साठ रुपयांत मालकाने कौले कशी चाळायची, म्हणजे उतरवून, फुटकी बदलून पुन्हा कशी बसवायची? आणि जी खोली आपली नाही, तिच्यावर भाडेकरूने का खर्च करायचा? कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी मालकावर असली, तरी आमच्याकडे तोडगा निघाला तो सगळ्यांनी एकत्र बसून वर्गणी ठरवल्यावर, आणि प्रत्येकाचे क्षेत्रफळ व हक्क यांची लेखी नोंद झाल्यावरच. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीवर, चारही भावांची नावे लागली आहेत का, हेही आत्ताच तपासावे. वारसांची नोंद अपुरी असेल, तर पुढे प्रत्येक परवानगी तिथेच अडते.

आता आपल्या बाबतीतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. शनिवारवाडा हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे आणि 2010 साली सुधारलेल्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यानुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे. त्यापुढच्या 200 मीटरमध्ये ते परवानगीनेच करता येते. जुन्या इमारतींची दुरुस्ती आणि नूतनीकरण मात्र निषिद्ध क्षेत्रातही परवानगी घेऊन करता येते. आपला वाडा त्या 100 मीटरमध्ये येत असेल, तर बिल्डरने आपल्या भावांना दाखवलेली इमारत तिथे उभी राहू शकत नाही, आणि वाडा एकदा पाडला की जागा मोकळीच राहण्याची भीती आहे. हे अंतर अधिकृत मोजणीने काढून नकाशा भावांसमोर ठेवावा. वारशाच्या गोष्टींनी जे मन वळत नाही, ते या नकाशाने वळेल.

वारसा यादीत नाव घालण्याचा प्रयत्न त्यानंतर अवश्य करावा. यादीतील वास्तूला न वापरता येणारे चटईक्षेत्र (बांधकामाचे परवानगी असलेले क्षेत्र) टीडीआरच्या, म्हणजे दुसरीकडे वापरता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या, रूपाने विकण्याची सोय नियमांत आहे, आणि तो पैसा दुरुस्तीला लावता येतो. आपल्या वाड्याला ती लागू होते का, हे वास्तुविशारदाकडून तपासून घ्यावे. मात्र मोठ्या इतिहासानेही वास्तू वाचतेच असे नाही. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी ज्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली, तो न्यायालयातील दीर्घ वादात वर्षानुवर्षे खचत राहिला आणि डिसेंबर 2023 मध्ये स्मारकासाठी जागा मोकळी करताना पाडावा लागला. स्मारक व्हायलाच हवे, पण त्या मुलींनी ओलांडलेला उंबरठा आता कोणालाच पाहता येणार नाही, याचे मला अजूनही वाईट वाटते.

भावांना घेऊन एकदा विश्रामबागवाड्यात जाऊन यावे. तिथले सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब आणि वरचा कडीपाट, म्हणजे कड्या-फळ्यांचे लाकडी छत, पाहिल्यावर आपल्या घरात नेमके काय आहे, हे त्यांनाही दिसेल. पाऊस दोन महिन्यांवर आला आहे, तेव्हा कौले आणि पन्हळी या पंधरवड्यातच चाळून घ्याव्यात. चाळण्यापूर्वी प्रत्येक तुळईचे भिंतीत शिरणारे टोक पेचकसाने टोचून पाहावे, आणि जिथे तो सहज आत जाईल, तिथे खडूने खूण करून छायाचित्र काढून ठेवावे.