मँचेस्टरला घर घेण्याआधी सॉलिसिटर कसा बघावा

तुझा प्रश्न मी समजले तो असा. जानेवारीत तू नर्स म्हणून मँचेस्टरच्या हॉस्पिटलात रुजू होणार, मागोमाग नवरा आणि मुलगा येणार. वर्षभर भाड्याने राहून सेल किंवा स्टॉकपोर्ट या मँचेस्टरजवळच्या गावांच्या बाजूला ३ लाख २० हजार पौंडांपर्यंतचं घर घ्यायचा विचार आहे. एका इस्टेट एजंटने आत्तापासूनच ‘आमचेच कन्व्हेयन्सर (घरखरेदीचं कायदेशीर काम करणारे) घ्या, काम लवकर होईल’ असं सुचवलंय. इंटरनेटवरच्या एका फर्मचा दर त्याच्या निम्मा दिसतोय. आणि बाबा म्हणतात, जिथे घर तिथलाच वकील बघ. ‘ताई, कुणाचं ऐकू?’

बाबांचं ऐक. का ते सविस्तर सांगते, कारण मी स्वतः पहिल्या घराच्या वेळी एजंटचं ऐकलं होतं.

आधी इथली रीत लक्षात घे. नाशिकला आपण टोकन देतो, साठेखत होतं, वकील तीस वर्षांचा सर्च काढतो आणि शेवटी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सगळे समोरासमोर बसून फोटो-अंगठे देतात. निदान काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. इंग्लंडमध्ये असा दिवसच नसतो. तुझी ऑफर मालकाने स्वीकारली, तरी दोन्हीकडच्या करारांची अदलाबदल, ज्याला इथे ‘एक्स्चेंज’ म्हणतात, ती होईपर्यंत कुणीच बांधील नसतं. आदल्या दिवशीसुद्धा मालक जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो. एक्स्चेंजला साधारण १० टक्के रक्कम भरली की मात्र दोघंही अडकतात. मग ठरल्या दिवशी उरलेले पैसे एका सॉलिसिटरच्या, म्हणजे वकिलाच्या, खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात जातात आणि एजंट तुला किल्ल्या देतो. ऑफर ते किल्ल्या यात तीन-चार महिने सहज जातात. त्या काळात कागद वाचणारा, समोरच्याला प्रश्न विचारणारा आणि तुझ्या बाजूने उभा असलेला माणूस एकच, तुझा सॉलिसिटर. एजंट विकणाऱ्याचा. बँकेचा व्हॅल्युअर बँकेचा.

आम्ही २०१६ साली स्टॉकपोर्टला पहिलं घर घेतलं. एजंटने सुचवलेली फर्म तिथून दोनशे मैलांवर होती. आमची फाइल तीन जणांच्या हातून गेली आणि प्रत्येक नव्या माणसाला आम्ही पहिल्यापासून सगळं सांगत राहिलो. शेवटी चाळीस पानांचा अहवाल आला. त्यात तिसाव्या पानाच्या पुढे कुठेतरी एक ओळ होती, की या जमिनीवर वर्षाला ४ पौंडांचा रेंटचार्ज आहे. कुणी समजावलं नाही, आम्ही विचारलं नाही. मागायलाही कुणी आलं नाही, म्हणून आम्ही भरला नाही.

ग्रेटर मँचेस्टरमध्ये याला ‘चीफ रेंट’ म्हणतात. आपल्याकडच्या शेतसाऱ्यासारखा समज, फक्त तो सरकारला नव्हे, कुणा खासगी मालकाला द्यायचा असतो. घर फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट आपल्या मालकीचं, असलं तरी तो असू शकतो. १९७७ च्या कायद्याने असे नवे आकार लावायला बंदी केली आणि जुने बहुतेक २०३७ मध्ये संपतील. पण १९२५ च्या कायद्यात एक भयंकर तरतूद होती: आकार ४० दिवस थकला, तर त्याचा मालक तुमच्या घरावर चक्क लीज तयार करू शकत असे. २०२१ मध्ये आम्ही घर विकायला काढलं, तेव्हा घेणाऱ्याच्या सॉलिसिटरने पहिल्याच आठवड्यात हे पकडलं. पाच वर्षांची थकबाकी, वीस पौंड! त्यावरून त्यांची बँक कर्ज द्यायला तयार होईना. आकाराचा मालक शोधणं, त्याच्याशी नवा दस्त करणं यात सहा आठवडे आणि काही शे पौंड गेले. तेव्हाची स्टॅम्प ड्यूटीची मोठी सवलत ३० जूनला संपणार होती. घेणारं कुटुंब सोडून जातं की काय, या काळजीने मी रात्र-रात्र जागले आहे.

जुन्या चीफ रेंटसाठीची ती तरतूद २०२४ च्या कायद्याने निकामी केली. पण नव्या कॉलनीतल्या घरांना रस्ते आणि बागांच्या देखभालीसाठी जो ‘इस्टेट रेंटचार्ज’ असतो, त्याला हे संरक्षण मिळालेलं नाही. तू नवी कोरी घरंही बघणार आहेस, म्हणून हा शब्द पाठच कर आणि सॉलिसिटरला त्यावर थेट प्रश्न विचार.

दुसऱ्या घराच्या वेळी मी स्टॉकपोर्टच्या बाजारपेठेजवळची छोटी फर्म निवडली, दोनच सॉलिसिटर असलेली. आमच्या सॉलिसिटर बाईंनी पत्ता ऐकताच विचारलं, ‘९९९ वर्षांचं लीज असेल ना?’ तसंच होतं. या भागात साधी घरंसुद्धा लीजहोल्ड, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर लीजने असलेली, असतात, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. इतक्या लांब लीजने घाबरायचं कारण नसतं, पण त्यातल्या अटी वाचाव्या लागतात. आमच्या घराला आधीच्या मालकाने मागे खोली वाढवली होती आणि जमीनमालकाची परवानगी घेतली नव्हती. नवऱ्याने भाबडेपणाने जमीनमालकाला फोन करायचं ठरवलं. बाईंनी जवळजवळ ओरडून थांबवलं. अशा त्रुटीसाठी इथे एक विमा मिळतो, एकदाच हप्ता भरायचा. पण आधीच जमीनमालकाला किंवा कौन्सिलला (इथल्या नगरपालिकेला) कळवलंत, तर तो विमा मिळत नाही. ही गोष्ट तूही लक्षात ठेव: सॉलिसिटरला विचारल्याशिवाय कुणाला परस्पर फोन करायचा नाही.

तू म्हणशील, सर्च तर सगळेच करतात. खरं आहे. कौन्सिलचा, पाणी-ड्रेनेजचा, पर्यावरणाचा हे सर्च लांबची फर्मही मागवते. विगन किंवा बोल्टनच्या बाजूला जुन्या कोळशाच्या खाणींचा अहवालही येतो. दक्षिणेला चेशरमध्ये मिठाच्या खाणींमुळे जमीन खचते, नॉर्थविचकडे त्याचा वेगळा सर्च असतो. फरक पडतो तो आलेला कागद वाचण्यात. मर्सी नदीला पूर आल्यावर जानेवारी २०२१ मध्ये डिड्सबरी आणि नॉर्थेंडनमधली घरं रिकामी करायला लावली होती. स्थानिक माणसाला कोणता रस्ता नदीकडे उतरतो ते ठाऊक असतं, आणि घराचा विमा किती महाग पडेल ते एक्स्चेंजच्या आधी विचारून घे, असं तो स्वतःहून सांगतो.

ऑनलाइन फर्म सगळ्याच वाईट, असं मी म्हणणार नाही. सरळ फ्रीहोल्ड घर, इथलाच पगार, इथलीच बचत असेल तर काम नीट होतंही. तुझी गोष्ट तशी नाही. तुझे पैसे आणि तुमचा फ्लॅट नाशिकला आहे. सगळ्यात मोठी चूक तिथे होऊ शकते.

स्टॅम्प ड्यूटीचं बघ. एप्रिल २०२५ पासूनच्या दराने, पहिलंच घर घेणाऱ्याला ३ लाखांपर्यंत काही नाही, म्हणजे ३ लाख २० हजारांच्या घरावर १,००० पौंड. पण ‘पहिलं घर’ याचा अर्थ जगात कुठेही पहिलं. नवऱ्याच्या नावावर नाशिकचा फ्लॅट आहे आणि तुम्ही दोघं मिळून घेणार, तर ही सवलत गेली. साधा दर लावला तर ६,००० पौंड. आणि तो फ्लॅट ४० हजार पौंडांहून जास्त किमतीचा असेल आणि तुम्ही तो ठेवणार असाल, तर पूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के: एकूण २२,००० पौंड. नवरा-बायको एकच धरले जातात, त्यामुळे एकटीच्या नावावर घेऊनही हा जास्तीचा कर चुकत नाही. तुम्ही स्वतः राहत असलेलं घर विकून तीन वर्षांच्या आत इथे राहायला घर घेतलंत, तर हे ५ टक्के लागत नाहीत; आधी घेऊन मग तीन वर्षांत ते विकलंत, तर परत मागता येतात. शिवाय खरेदीच्या आधीच्या बारा महिन्यांत १८३ दिवस इथे राहिलेली नसलीस तर आणखी २ टक्के. वर्षभर भाड्याने राहायचा तुझा बेत म्हणूनच चांगला आहे.

हे सगळं सॉलिसिटरला पहिल्याच फोनवर सांग. गावच्या वाड्यात वडिलोपार्जित हिस्सा असेल तर तोही सांग. ‘तो काय आपला म्हणायचा’ असं मनात धरू नकोस. वारसाहक्काच्या हिश्शाला वेगळे नियम आहेत आणि फॉर्मवर सही तुझी असणार आहे. काही फर्म करावर सल्ला देतच नाहीत. तसं असेल तर वेगळा कर सल्लागार घ्यावा लागेल, हे आधी कळलेलं बरं.

दुसरी गोष्ट बाबांनी द्यायच्या पैशांची. दिंडोरीची जमीन विकून ते तुला मदत करणार, हे ऐकून मला फार बरं वाटलं. पण इथे मनी लाँडरिंगचे नियम कडक आहेत. पैसा कुठून आला याचा धागा सॉलिसिटरला शेवटपर्यंत लावावा लागतो: खरेदीखत, सातबारा, बाबांच्या बँकेची स्टेटमेंट, त्यांचा पासपोर्ट, आणि ही भेट आहे, घरात माझा हक्क नाही, असं त्यांचं सहीचं पत्र. मराठी कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. जमिनीच्या व्यवहारात काही रक्कम रोख आली असेल, तर ती या घरासाठी धरूच नका. तिचा हिशोब इथे देता येणार नाही. बाबांना रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात, तेवढ्यात तुमचं भागेल. मात्र परदेशातून आलेली भेटीची रक्कम काही फर्म स्वीकारतच नाहीत. घर पसंत पडल्यावर हे कळलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून ऑफर देण्याच्या आधीच सॉलिसिटर ठरव.

तीन फर्मना फोन कर आणि प्रत्येकीला तेच विचार. माझी फाइल नावानिशी कोण बघणार, आणि ते रजेवर गेले तर कोण? माझ्या कर्ज देणाऱ्या बँकेच्या यादीत तुम्ही आहात का? नसतील तर बँकेसाठी दुसरा सॉलिसिटर लागतो आणि खर्च वाढतो. भारतातून येणाऱ्या पैशांचं काम अलीकडे केलंय का? सेलमधल्या लीजहोल्ड घरांचं? दर मागताना सगळा तपशील मागून घे: फी, तिच्यावरचा २० टक्के व्हॅट, सर्च, लँड रजिस्ट्री, आणि लीजहोल्डचे, भेटीच्या रकमेचे, बँक ट्रान्सफरचे वेगळे पैसे. इंटरनेटवरचा तो निम्मा दर बहुधा याच ओळींत भरून निघतो. सॉलिसिटरची नोंद सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीकडे असते आणि लायसन्स्ड कन्व्हेयन्सरची कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सकडे. दोन्ही ठिकाणी नाव टाकून तपासता येतं. लायसन्स्ड कन्व्हेयन्सर कमी प्रतीचा असतो असं नाही, तो मुख्यतः घरांचंच काम करतो. लॉ सोसायटीची कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीम फर्मकडे असली तर उत्तम, पण फोन कोण उचलतं ते मी आधी बघेन. एजंटला त्या फर्मकडून पैसे मिळत असतील तर ते त्याने तुला सांगायला हवं, आणि त्यांनाच घे अशी सक्ती तो करू शकत नाही.

सॉलिसिटर घर बघायला येत नाही, हे मला फार उशिरा कळलं. ७ पौंड भरून लँड रजिस्ट्रीकडून टायटल रजिस्टर मिळतं आणि तेवढ्यालाच नकाशा. तो नकाशा हातात घेऊन घराभोवती स्वतः फिर. मागची गल्ली, जिला इथे ‘गिनेल’ म्हणतात, ती कुणाची? शेजारी तुमच्या अंगणातून कचऱ्याचे डबे नेतात का? फोटो काढ आणि सॉलिसिटरला पाठव. भिंती, छप्पर, ओल हे सर्व्हेयरचं काम, त्याची फी वेगळी.

पैसे पाठवायच्या वेळी जिवाला जपावं तसं जपायचं. सॉलिसिटरच्या नावाने, अगदी त्यांच्यासारखाच दिसणारा ईमेल येतो, ‘आमचं बँक खातं बदललं आहे’. लोकांची आयुष्यभराची कमाई अशी गेली आहे. खात्याचा तपशील पहिल्या भेटीत कागदावर घे. पाठवायच्या आधी तू स्वतः शोधलेल्या नंबरवर फोन करून एकेक आकडा ताडून बघ. घाई करणारा ईमेल आला तर तिथेच थांब. इथेही जवळची फर्म बरी पडते; शंका आली तर बसने जाऊन विचारता येतं.

आणि जर तुझी नेमणूक बदलून स्कॉटलंडला झाली, तर यातलं बरंच बाजूला ठेव. तिकडे कायदा वेगळा आहे, ऑफरच सॉलिसिटरमार्फत जाते.

निघताना हातातल्या बॅगेत ठेव: लग्नाचा दाखला, फ्लॅटचं खरेदीखत आणि इंडेक्स टू, दिंडोरीच्या जमिनीचा सातबारा आणि विक्रीचा दस्त, बाबांची आणि तुमची वर्षभराची बँक स्टेटमेंट शिक्क्यानिशी. भाषांतर नाशिकलाच करून घेणार असशील, तर इथल्या सॉलिसिटरला कसं प्रमाणित केलेलं चालतं ते आधी ईमेलने विचार, नाहीतर दोनदा पैसे जातील. तीन दर आले की मला पाठव. शनिवारी सकाळी मी घरीच असते, फोनवर ओळ-न्-ओळ बघू.