गॅरेजच्या शटरचा नवा रिमोट घरीच सेट करता येतो का? जुना हरवलाय, मेकॅनिक येतो म्हणतो पण येत नाही.

येतो की, आम्ही इंदूरला रामबागेतल्या घरी मागच्या महिन्यातच केलाय. शिडी लावून मोटरचं कव्हर बघा, त्यावर किंवा आत 'लर्न' लिहिलेलं बारकं बटण असतं, ते एकदाच दाबून सोडायचं, बाजूचा एलईडी लागला की साधारण 30 सेकंदांच्या आत नव्या रिमोटचं जे बटण वापरायचंय ते दाबायचं, लाइट मिचकला किंवा टक् आवाज आला की झालं. काही मोटरना रिमोट दोनदा दाबावा लागतो. फक्त लर्न दाबून धरू नका हं, बऱ्याच मोटरमध्ये तसं केलं की सगळेच रिमोट पुसले जातात, आमचे बाबा धरून बसले आणि मग तिन्ही परत जोडत बसलो 😅 पण तुमचा जुना हरवलाय ना, मग नवा जोडायच्या आधी तसं धरून मुद्दाम सगळे पुसाच, नाहीतर ज्याला सापडेल तो शटर उघडेल. आणि बाजारातला स्वस्त कॉपी रिमोट घेऊ नका, रोलिंग कोडवाल्या मोटरला तो सहसा चालत नाही, दर वेळी कोड बदलतो ना. मोटरवरच्या लेबलचा फोटो काढून दुकानात दाखवा, रिमोटची फ्रिक्वेन्सी बहुतेक 433 मेगाहर्ट्झ असेल पण बघून घ्या. सेट करताना शटरखाली गाडी नको.