कारागीर माणसाने आयुष्यभर डोंगरांचं वेड जपल्याचं खरं उदाहरण आहे का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही फिटर आहात, सुट्टी मिळाली की सुळके चढायला पळता, आणि घरचे म्हणतात, ही थेरं पैसेवाल्यांची. उदाहरण आहे, आणि साधंसुधं नाही. कांचनजुंगा, 8586 मीटर, उंचीने जगात तिसरं शिखर. त्यावर पहिल्यांदा चढलेल्या दोघांपैकी एक जण मँचेस्टरचा प्लंबर होता. जो ब्राउन त्याचं नाव.

जन्म 1930 चा, आर्डविक या कामगार वस्तीतला. सात भावंडांत धाकटा. तो वर्षाचाही नव्हता तेव्हा वडील वारले. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि प्लंबिंग, डागडुजी अशा कामांवर हाताखालचा पोरगा म्हणून लागला. रविवारी मँचेस्टरजवळच्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातले कातळ. सुरुवातीचा दोर म्हणजे आईने टाकून दिलेली कपडे वाळत घालायची दोरी, असं सांगतात. (तुम्ही हे करू नका. दोर आणि हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा कमरेचा पट्टा, चांगलाच घ्या, बाकी काटकसर करा.)

पैसेवाल्यांचे शौक हे घरच्यांचं म्हणणं तिथेही खोटं नव्हतं. बड्या मोहिमा म्हणजे ऑक्सफर्ड-केंब्रिजची मंडळी. मँचेस्टर आणि शेफील्डच्या मधली माळरानं जमीनदारांच्या ताब्यात, शिकारीसाठी राखून ठेवलेली. 24 एप्रिल 1932 रोजी कामगार पोरं त्यातल्याच किंडर स्काउटच्या पठारावर सरळ घुसली. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन हा मोटार मेकॅनिक, त्याला चार महिन्यांची कैद झाली. ब्राउनची पिढी या भांडणानंतरची. 1951 साली मँचेस्टरच्या अशाच पोरांनी 'रॉक अँड आइस' क्लब काढला. त्यातला डॉन व्हिलन्स हाही प्लंबर, शेजारच्या सॅल्फर्डचा. या दोघांनी 1951-52 च्या सुमारास पीक डिस्ट्रिक्ट आणि वेल्समध्ये ज्या वाटा चढल्या, त्यांवर आजही भले भले घाम गाळतात.

ब्राउनची खासियत होती भेग चढणं. कातळाच्या उभ्या फटीत पंजा घालायचा, अंगठा तळव्यात दुमडायचा, की पंजा फुगून फटीत घट्ट बसतो आणि त्यावर अख्खा देह तोलता येतो. तंत्र जुनंच, पण त्याने ते इतकं पुढे नेलं की जिथे खोबण नाही, कंगोरा नाही, तिथेही वाट निघू लागली. हाताची सालटी निघतात ते वेगळं. माझं स्वतःचं मत असं की हे त्याच्या धंद्यातूनच आलं. दिवसभर अडचणीच्या जागी वाकडं होऊन पाइप बसवणाऱ्याला कुठे किती जोर लावायचा, काय धरेल आणि काय निसटेल, हे हातालाच कळतं. पुस्तकी गिर्यारोहकाला ते शिकावं लागतं.

आता कांचनजुंगा. 1955 ची मोहीम, नेता चार्ल्स इव्हान्स. शेवटच्या टप्प्यावर ब्राउनचा जोडीदार होता केंब्रिजला भूगर्भशास्त्र शिकलेला जॉर्ज बँड. 25 मे रोजी निघाले, मध्येच वाट चुकली, वेळ आणि ऑक्सिजन दोन्ही वाया गेलं. शिखराच्या अगदी खाली कातळाची भिंत आडवी आली. तिच्यात उभी भेग, वरच्या टोकाला बाहेर झुकलेली, साधारण सहा मीटरची. ब्राउनने ऑक्सिजनचा झोत वाढवला आणि ती चढला. साडेआठ हजार मीटरवर, पाठीवर सिलिंडर घेऊन, मँचेस्टरजवळच्या कातळावर रविवारी करायचा तेच. वर पोहोचल्यावर समोर हिमाचा माथा, काही पावलांवर. त्यावर पाय ठेवला नाही. सिक्कीमच्या लोकांसाठी ते शिखर पवित्र, आणि माथ्याला शिवणार नाही असा शब्द आधीच दिलेला होता. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी मोहिमेतलेच हार्डी आणि स्ट्रेदर आले, त्यांना कोपऱ्यावरून वळून बर्फातून सोपी वाट सापडली! प्लंबरला मात्र आधी भेगच दिसली. (2019 मध्ये पुण्याच्या 'गिरिप्रेमी'चे दहा जण याच शिखरावर पोहोचले होते.)

पुढच्याच वर्षी काराकोरममधला मुझताग टॉवर, तोही पहिल्यांदा. आणि मोहिमा संपल्या की परत मँचेस्टर, परत हातात पान्हा.

कारागिरी डोंगरात कशी उतरते याचा आणखी नमुना हवा असेल तर व्हिलन्सकडे बघा. 1963 च्या सुमारास चिलीतल्या पाइनेच्या सुळक्यांवर वारा तंबू फाडून टाकत होता, तेव्हा या गड्याने लाकडाची चौकट ठोकून वर ताडपत्री ताणली. त्यातून पुढे 'व्हिलन्स बॉक्स' नावाचा पेटीसारखा तंबू निघाला. 1970 मध्ये अन्नपूर्णेच्या दक्षिण भिंतीवरून शिखर गाठणाऱ्या दोघांत तो होता. त्याच्या नावाचा हार्नेसही बाजारात आला. त्या काळी वेल्समध्ये स्नोडनच्या रेल्वेमार्गाकडेने कातळाकडे जाताना पोरं पडलेले लोखंडी नट उचलायची, आतले आटे घासून काढायची, दोरीचा फास ओवायची आणि पडलो तर दोराला आधार म्हणून भेगेत अडकवायची. आज दुकानात मिळणारे चॉक्स त्याचीच पुढची पिढी. फिटर माणसाला यातलं काय समजावून सांगायचं!

ब्राउनने 1960 च्या दशकात प्लंबिंग सोडलं. आधी डर्बीशायरच्या व्हाइट हॉल केंद्रात मुलांना गिर्यारोहण शिकवलं, मग 1966 मध्ये वेल्सच्या लानबेरिस गावात गिर्यारोहणाच्या सामानाचं दुकान टाकलं. 1967 साली स्कॉटलंडच्या समुद्रात उभा असलेला 137 मीटरचा 'ओल्ड मॅन ऑफ हॉय' सुळका बीबीसीने थेट प्रक्षेपणात दाखवला, त्यात तो होता. मासेमारीचा नाद वेगळा, इक्वेडोरच्या जंगलात इंकांचा खजिना शोधायला गेला ते आणखी वेगळं. 1976 मध्ये, पंचेचाळिशीत, काराकोरममधलाच ट्रँगो टॉवर हा सुळका चढला. एप्रिल 2020 मध्ये लानबेरिसमध्येच वारला, 89 वर्षांचा होऊन.

घरच्यांना पटवायचं असेल तर कांचनजुंगाने काही होणार नाही, ते ऐकून आई उलट घाबरेल. दुकानाचं सांगा.