सर्फसाईडची इमारत आणि तुमच्या पोडियमची गळती

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. फ्लोरिडातल्या सर्फसाईडची ‘शॅम्प्लेन टॉवर्स साउथ’ ही इमारत खाऱ्या हवेने गज गंजून पडली, की जमीन खचून? आणि तुमच्या सोसायटीत पोडियमखालच्या, म्हणजे बाग असलेल्या स्लॅबखालच्या, पार्किंगमध्ये पाणी ठिबकतं, त्याची काळजी कितपत करायची? दोन्हींचं उत्तर एकाच जागी सापडतं: स्लॅब आणि कॉलमच्या सांध्यात.

इमारत 1981 ची, 12 मजली. 24 जून 2021 च्या रात्री दीडच्या सुमारास तिचा मोठा भाग कोसळला, 98 माणसं गेली. जमीन खचल्याचा तर्क लगेच पुढे आला, कारण 1990 च्या दशकातल्या उपग्रह मोजणीत तिथे वर्षाला साधारण 2 मिमी खचणं दिसलं होतं. पण अख्खी इमारत सारखी बसली तर सांगाड्याला फारसं काही होत नाही. एक कॉलम बसला आणि शेजारचा जागेवर राहिला, तर घात. तसं असेल तर भिंतींना तिरक्या भेगा आणि अडकणारी दारं आधी बरीच वर्षं दिसतात.

कोणताही तर्क तपासताना मी आधी क्रम बघतो. टॉवर पडण्यापूर्वी काही मिनिटं बाहेरून काढलेल्या व्हिडिओत पार्किंगमध्ये वरून पाणी कोसळताना आणि राडारोडा पडलेला दिसतो. वर टॉवर उभाच आहे. तपास करणाऱ्या ‘एनआयएसटी’ या अमेरिकी सरकारी संस्थेच्या प्राथमिक निष्कर्षानुसारही स्विमिंग पूलभोवतीचा डेक (पार्किंगचं छतच) टॉवरच्या चार मिनिटांहून जास्त आधी पडला. वर फ्लॅट होते, खाली पार्किंग, आणि सुरुवात झाली बाजूच्या मोकळ्या डेकपासून.

हा डेक म्हणजे फ्लॅट स्लॅब, बीम नाहीत. अशा स्लॅबमध्ये कॉलम वर घुसून स्लॅब खाली सरकतो. त्याला पंचिंग शिअर म्हणतात. आपल्या आयएस 456 ने, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय कोडाने, एक हिशोब करू. कॉलम 400 × 400 मिमी, स्लॅब 240 मिमी, त्यातली प्रभावी खोली (स्लॅबच्या तळापासून वरच्या सळ्यांपर्यंत) 200, काँक्रीट एम 25, शिअरची वेगळी सळई नाही. कॉलमच्या तोंडापासून निम्म्या खोलीवरची परिमिती 2400 मिमी. गुणिले 200, गुणिले एम 25 ला कोडाने दिलेली प्रति चौरस मिमी 1.25 न्यूटनची ताकद: 600 किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ 60 टन.

आता वजन. 240 मिमी स्लॅब प्रति चौरस मीटर 600 किलो. बागेतली 300 मिमी ओली माती पुन्हा तितकीच! कॉलम 6 मीटरवर असतील, तर एका कॉलमवर 36 चौरस मीटर येतात. कोडातला सुरक्षेचा 1.5 चा गुणक धरला की माती आणि स्लॅब मिळून 65 टन. फरशी, कोबा, माणसं अजून धरलीच नाहीत. लगेच पडेल असं नाही, पण राखीव ताकद खर्ची पडायला लागली.

काँक्रीट ओतताना सळ्यांची वरची जाळी पायाखाली दबून 40 मिमी खाली गेली (जाळी उचलून धरणाऱ्या सळईच्या खुर्च्या नीट नसल्या की हमखास जाते), तर त्याच सांध्याची ताकद 60 वरून 45 टनांवर येते. गंज तर अजून सुरूही झालेला नाही.

सर्फसाईडला ही सगळी मंडळी एकत्र आली होती. डिझाईनच तेव्हाच्या कोडाला काही ठिकाणी पुरं पडत नव्हतं, त्यावर कुंड्या आणि जादा फरशीचा भार. शिवाय 2018 च्या अहवालात नोंद होती की वॉटरप्रूफिंगखालचा स्लॅब सपाट टाकलाय, उतार नाही, त्यामुळे पाणी साचून स्लॅबचं मोठं नुकसान होतंय. म्हणून ‘गंजाने पडली’ हे मला अर्धंच पटतं. गंज शेवटी आला. राखीव ताकद आधीच शिल्लक नव्हती.

एक सांधा गेला की भार शेजारच्यावर, तोही काठावरच. खालच्या सळ्या कॉलममधून आरपार नेलेल्या असतील तर तुटलेला स्लॅब झोळीसारखा लटकून राहतो; अमेरिकी कोडात ही अट 1989 साली आली, इमारत त्याआधीची. पडणारा डेक टॉवरच्या कॉलमना आडवा ओढतो, आणि तिथला आधार गेल्यावर कॉलमची बिनआधाराची उंचीही वाढते.

तुमच्या पोडियमकडे वळू. नुसत्या रिबाउंड हॅमरच्या (काँक्रीटच्या पृष्ठभागावर ठोका देऊन कडकपणा मोजणारं साधन) आकड्यांवर अहवाल देणारा कन्सल्टंट नको. कॉलमभोवती वरच्या सळ्यांची खोली कव्हरमीटरने किंवा जीपीआरने (काँक्रीट न फोडता आतली सळई शोधणारी यंत्रं) मोजून घ्या, कोअर म्हणजे काँक्रीटचा गोल नमुना काढून स्लॅबची जाडी आणि वरचे थर बघा. जुना कोबा (वॉटरप्रूफिंगचा विटा-सिमेंटचा थर) न काढता त्यावर नवा टाकण्याची आपल्याकडे फार सवय. 100 मिमीचा प्रत्येक थर चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास वाढवतो. हाफ-सेल चाचणीत (सळईचा विद्युत दाब मोजून गंज ओळखणारी) उणे 350 मिलिव्होल्टच्याही खाली आकडे आले तर गंज चालू असण्याची शक्यता दाट. पंचिंगची गोल भेग स्लॅबच्या वरच्या बाजूला येते आणि ती फरशी-मातीखाली दडलेली असते, त्यामुळे पार्किंगमधून वर बघून ‘भेग नाही’ म्हणणं कामाचं नाही. खालून दिसतील ते पांढरे ओघळ आणि गंजाचे डाग.

शंका आली तर त्या कॉलमभोवती गाड्या लावणं बंद करा, स्लॅबखाली टेकू लावा आणि माती काढायला घ्या. टेकूची बैठक खालच्या स्लॅबवर नको. तळघर दोन मजली असेल तर एकाखाली एक जमिनीपर्यंत न्या. कॉलमच्या मीटरभर परिसरात पोपडे फोडून पॅच मारण्याचं काम टेकू लागेपर्यंत कंत्राटदाराला सुरू करू देऊ नका. तिथलं काँक्रीट फोडलं की आहे तीही खोली कमी होते.