क्रूझवर व्याख्यानं द्यायला जाता येतं का? पैसे मिळतात का?

जाता येतं, पण मानधनाची आशा फारशी ठेवू नका. बहुतेक वेळा मोबदला म्हणजे तुम्हाला आणि सोबतच्या एकाला केबिन आणि जेवणखाण. विमानभाडं बऱ्याचदा आपल्याच खिशातून. एजन्सीमार्फत गेलात तर उलट तिलाच शुल्क द्यावं लागू शकतं! व्याख्यान साधारण 45 मिनिटांचं, जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही त्या दिवशी.

विषय जहाजाच्या मार्गावरून ठरवा. समजा, उद्या पनामा कालवा आहे. ‘लांबी सुमारे 80 किलोमीटर, 1914 साली खुला झाला’ अशी सुरुवात केलीत की मागच्या रांगा डुलक्या काढणार. त्यापेक्षा डासापासून सुरू करा. कालवा खणायला आधी आलेल्या फ्रेंचांची माणसं पीतज्वर आणि मलेरियानं कशी पटापट गेली, 1897 मध्ये आपल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी कसा दिसला, आणि मग पुढचं काम हाती घेतलेल्या अमेरिकनांनी डास मारायला डबक्यांवर तेल कसं ओतलं. शेवटी सांगा, उद्या आपलं हे अवाढव्य जहाज पाण्याच्या पायऱ्यांनी 26 मीटर वर चढणार आहे.

स्लाइडवर मजकूर कमी, नकाशे मोठे ठेवा. समोर निवृत्त मंडळीच जास्त. त्यांच्यात एखादा इंजिनिअर हमखास निघतो, तेव्हा आकडे दोनदा तपासून जा.